न धुतलेले हात

आमच्या मिलच्या दवाखान्यात कुणी हात पुढे केला, की कमल सिस्टर तो आधी नाकाजवळ नेत. खरबूज पिकले आहे की नाही, हे बाजारात बाया देठाशी हुंगून ठरवतात, अगदी तसा. नाडी, रक्तदाब, वजन हे सारे त्यानंतर. नवा कामगार बिचकून हात मागे घेई. आपल्या अंगाला वास येतो असे या बाईंना म्हणायचे आहे, असे त्याला वाटे. रांगेतला एखादा जुना माणूस मागून म्हणे, "दे रे, दे. खात नाहीत त्या."

पलसाण्याच्या हायवेलगत आमची मिल आहे. पॉलिस्टरचे कोरे कापड येते, रंगून जाते. व्यापाऱ्याने पाठवलेल्या चिंधीचा रंग हजारो मीटर कापडावर हुबेहूब उतरवून देणे, हे माझे काम. मला डाईंग मास्तर म्हणतात. आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. वडील सुरतेला आले ते लूमवर, मी रंगात शिरलो. माझ्याविषयी इतके पुरे आहे, कारण लिहायचे आहे ते कमल सिस्टरांविषयी, आणि मी मध्येमध्ये येणार तो केवळ माझ्या हातांमुळे.

कायद्याने रंगाच्या कारखान्यात दवाखाना असावा लागतो, म्हणून आमच्याकडे तो होता. बॉयलर आणि गोडाऊन यांच्यामध्ये एक खोली होती, तिथे पूर्वी फुटके ड्रम ठेवत. ड्रम हलवून एक खाट, वजनकाटा, डोळे तपासायचा तक्ता आणि ऑक्सिजनची टाकी आणून ठेवली. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. ते वयस्क, मोजके बोलणारे गुजराती गृहस्थ होते आणि सिस्टरांवर त्यांचा फार विश्वास होता. बाकीचे दिवस खोली सिस्टरांची.

त्या कोसाडला, सरकारी वसाहतीत राहत. तिथून अमरोली, कतारगाम करीत, दोन बस बदलून पार शहराच्या या टोकाला येत, आणि आल्यावर दार उघडण्याआधी दाराबाहेर पडलेल्या सिगरेटीच्या थोटकांकडे एकदा पाहून घेत. कोण किती वेळ बाहेर घुटमळला आणि आत न येता परत गेला, हे त्यावरून त्यांना कळते असा आमच्या लोकांचा समज होता. खरेखोटे त्या जाणोत. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाल्या, "मास्तर, झाडणाऱ्या बाईचं काम वाढतं म्हणून बघते."

त्या खोलीत चाकांची, गादीची एकच खुर्ची होती. ती अर्थातच सिस्टरांसाठी आलेली. पण त्या खुर्चीवर त्यांना बसलेले मी पाहिले नाही. येणाऱ्या कामगाराला त्या खुर्चीत बसवत आणि स्वतः त्याच्यासमोर लोखंडी स्टुलावर बसत. आमच्या मॅनेजरसाहेबांना हे रुचत नसे. त्यांनी एकदा दारातूनच विचारले, "बेन, आ दवाखानुं छे के बधानुं पियर?" दवाखाना आहे की सगळ्यांचे माहेर. सिस्टर पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "पियरमां तो जमवानुं पण मळे, साहेब." माहेरी तर जेवायलाही मिळते. त्यानंतर साहेबांनी खुर्चीचा विषय काढला नाही.

रक्तदाब मोजायचा पट्टा त्या लगेच बांधत नसत. आधी विचारत, आज डब्यात काय. मग भाजी कोणती, कुणी केली, तेल कोणते, सोबत ठेचा होता का, पापड होता का. सिस्टरांना खाण्याची फार आवड आहे, असे आम्ही कित्येक दिवस समजत होतो. कुणी त्यांच्यासाठी डब्यात जास्तीची भाकरी आणू लागले. पुढे ध्यानात आले, की जेटवरून, म्हणजे रंगाईच्या यंत्रावरून, धावत आलेल्या माणसाची छाती त्या गप्पांमध्ये खाली बसते, आणि किती मीठ पोटात गेले हेही कळून जाते. भाकरी मात्र त्या घेत. नको म्हणत नसत. अर्धी खात आणि अर्धी डॉक्टरांसाठी झाकून ठेवत.

तरीही सुरुवातीला कुणी फिरकत नसे. एका माणसाच्या छातीच्या फोटोत काही दिसले होते, तो उपचारासाठी गावी गेला आणि तिकडेच राहिला. त्याला कुणी काढले नव्हते. पण तेव्हापासून मिलमध्ये एक गोष्ट पक्की झाली : दवाखान्यात नाव चढले, की माणूस उतरला. वार्षिक तपासणी जवळ आली, की कुणाची आजी आजारी पडे, कुणाच्या शेतात निंदणी निघे. जे राहत, ते डोळ्यांचा तक्ता शेजाऱ्याकडून पाठ करून येत.

सिस्टरांच्या पहिल्या तपासणीची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. बाईमाणूस तपासणार, तेव्हा नीटनेटके जावे, असे रंगखात्यातल्या सगळ्यांनी ठरवले. आमच्याकडे हायड्रो नावाची पांढरी पूड असते. रंगाई झाल्यावर कापडाच्या अंगावर उरलेला फालतू रंग ती ओढून घेते. चिमूटभर पाण्यात टाकून हात बुडवला, तर महिनाभराचा रंग क्षणात उतरतो. ती कातडीही खाते, हे सगळ्यांना माहीत असते. तरी घरी जाताना, लग्नाला जाताना, देवळात जाताना आमची माणसे हायड्रोने हात धुतात. रंगलेले हात घेऊन चारचौघांत जाणे आमच्याकडे उघड्या अंगाने जाण्यासारखे मानतात. त्या दिवशी सगळे रंगखाते तसे हात धुऊन, केस विंचरून, दवाखान्यापुढे रांगेत उभे राहिले. सगळ्यांचे हात पांढरे फटक, सुरकुतलेले.

सिस्टरांनी पहिल्याचा हात हुंगला. दुसऱ्याचा हुंगला. तिसऱ्याला त्यांनी हात मागितलाच नाही. रागावल्या नाहीत. दाराशी येऊन इतकेच म्हणाल्या, "आज सगळे परत जा. उद्या या. हात न धुता या."

लोकांना तो अपमान वाटला. भीमराव म्हणून लातूरकडचा एक जुना जेट चालवणारा होता. तो म्हणाला, आजवर पुष्कळ दवाखाने पाहिले, पण घाण होऊन या म्हणणारा पहिलाच. तरी दुसऱ्या दिवशी सगळे गेले. हात लाल, जांभळे, काळे, पोपटी. सिस्टरांनी बादलीभर पाणी, साधा साबण आणि खोबरेल तेलाची बाटली ठेवली होती. एकेकाचा हात धुऊन, तेल लावून त्या एका पांढऱ्या टॉवेलाने पुसत आणि मग बोटांच्या बेचक्या बघत. संध्याकाळी तो टॉवेल त्यांनी खिडकीत वाळत घातला. इतके रंग एका कापडावर मी माझ्या साऱ्या नोकरीत उतरवले नव्हते. तो टॉवेल पुढे त्यांनी दवाखान्याच्या खिडकीला पडद्यासारखा लावून टाकला. रंगलेले हात इथे चालतात, हे त्यावरून वाचता न येणाऱ्यालाही समजे.

त्याच भीमरावाला पुढे फुंकायच्या परीक्षेला बसवले. एका नळीत जोराने फुंकायचे, छातीत किती वारा मावतो ते यंत्र सांगते. भीमराव बिडी ओढणारा. तो नळी तोंडात धरून नुसते गाल फुगवी आणि वारा नाकाने सोडून देई. डॉक्टरांनी दोनदा समजावले. सिस्टर स्टुलावरून म्हणाल्या, "भाऊ, बायकोवर ओरडताना कुठून येतो एवढा वारा?" रांग हसली. भीमरावही हसला, म्हणाला, "सिस्टर, ती ओरडते. मी नुसता ऐकतो." आणि हसता हसता सगळा श्वास नळीत गेला. आकडा फारसा बरा नव्हता. त्याला वाफेपासून दूर, कापड मोजायच्या टेबलावर बसवले. काही दिवस तो माझ्याशी बोलला नाही, कारण त्याच्या जागी माणूस मी दिला होता. सिस्टरांशी मात्र बोलत राहिला.

आता माझे हात.

मी हळू बोलणारा माणूस आहे. हळू बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात. लपवणे त्याला सोपे जाते, एवढेच त्यातले खरे. डाईंग मास्तरने रंगात हात घालायचे कारण नसते, तरी मला कापड बोटांनी चोळून पाहिल्याशिवाय शेडवर, म्हणजे रंगाच्या छटेवर, भरवसा बसत नसे. हात नेहमीच रंगलेले. माझी मुलगी वैशाली लग्नाची झाली आणि स्थळे पाहणे सुरू झाले, तेव्हा पहिल्याच बैठकीत मुलाच्या आत्याने पोह्यांची बशी माझ्या हातून घेताना विचारले, "हे असं कशानं झालंय?" सहज विचारले असेल. मी सांगितलेही. स्थळ काही दुसऱ्याच कारणाने पुढे सरकले नाही. परंतु त्या दिवसापासून मी रोज घरी जाण्याआधी हायड्रोने हात धुऊ लागलो. मुलीला लाज वाटू नये म्हणून, असे मी स्वतःला सांगत होतो. वैशालीने माझ्या हातांबद्दल एक शब्दही कधी काढला नव्हता. लाज माझी होती. मी ती तिच्या नावावर टाकली होती.

हात फुटले. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या, त्यांतून पाणी येई. वरणभात कालवता येईना. मी चमच्याने जेवू लागलो आणि मिलमध्ये डबा एकटा, कलर किचनच्या, म्हणजे रंग कालवायच्या खोलीच्या, मागे खाऊ लागलो. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता. पण रंगाच्या माणसाची कातडी रंगाला नको म्हणू लागली, की त्याचे पुढे काय होते, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिले होते. मुलीचे लग्न तोंडावर असताना मास्तरकी गेली, तर या वयात मला कोण ठेवणार?

कॅन्टीनमध्ये सत्यनारायणाचा प्रसाद होता. शिरा. द्रोण हातात घेऊन मी खिशातून चमचा काढला. सिस्टर पलीकडच्या रांगेत होत्या. त्यांनी तो चमचा पाहिला. दुपारी तेच लोखंडी स्टूल हातात घेऊन त्या कलर किचनमध्ये आल्या, माझ्या टेबलाशी ठेवून बसल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "मास्तर, हात दखाडा."

त्या चोपड्याकडच्या. आमच्या खानदेशी माणसांशी एरवी गमतीपुरतेच अहिराणीत बोलत. त्या दिवशी ती गंमत नव्हती. घरात आईने हात मागावा तसे ते शब्द आले आणि माझा हात आपोआप टेबलावर गेला.

त्यांनी हुंगला. "हायड्रो शे." मग उलटा केला, बेचक्या उघडून पाहिल्या. "केव्हापासून?"

मी मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांचे सांगितले. नंदुरबारकडचे शिक्षकांचे घर आहे, माणसे चांगली आहेत, महिन्या-दोन महिन्यांत साखरपुडा होईल. आणि हळूच म्हणालो, "सिस्टर, डॉक्टरांना हे एवढं सांगू नका. लग्न होऊन जाऊ द्या."

त्यांनी माझा हात अलगद सुलटा केला. मला वाटले, मानल्या. मग म्हणाल्या, "सांगणार. पण तुमच्या माघारी नाही सांगणार. शुक्रवारी तुम्ही समोर बसा, मग सांगते."

शुक्रवारपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. समोरून दिसल्या तर बॉयलरच्या बाजूने वळसा घेतला. ज्या बाईने आपल्या घरासारखे शब्द काढून माझा हात उघडवून घेतला, तीच आता मला उघडे पाडणार, असा राग मनात होता. आज तो आठवला, की मान खाली जाते. त्यांनी मला फसवले असते, तर फार सोपे होते; नुसते बरे म्हणायचे होते.

शुक्रवारी त्यांनी मला त्या चाकांच्या खुर्चीत बसवले आणि डॉक्टरांना सारे सांगितले, एक शब्द न वाढवता. डॉक्टरांनी मलम दिले, काही आठवडे रंगाला हात लावायचा नाही म्हणाले. मॅनेजरसाहेबांना बोलावणे गेले. साहेब मला पाहून म्हणाले, मग मास्तर बदलावा लागेल. मी मान हलवली. मान हलवण्याची मला सवय आहे.

तेव्हा सिस्टर बोलल्या. आवाज चढवला नाही, भाजी विचारतात त्याच आवाजात विचारले, "साहेब, तुम्ही मास्तरांना डोळ्यांचा पगार देता की बोटांचा?"

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, आताच तपासले. असे माझे ठरले : रंग दुसऱ्याने कालवायचा, कापड दुसऱ्याने पिळून आणायचे, मी खिडकीच्या उजेडात शेड पाहायची. नोकरी राहिली. पहिले काही दिवस बोटांवाचून मी आंधळ्यासारखा होतो. मग डोळे एकटे काम शिकले.

हातमोजे होते, पण रबरात घाम साचतो म्हणून कुणी घालत नसे. सिस्टरांनी फोल्डिंगखात्यातल्या शिंप्याकडून उरलेल्या सुती कापडाचे पातळ मोजे शिवून घेतले, आत घालायला. पहिला जोड त्यांनी स्वतः घातला, वर रबराचे चढवले आणि दिवसभर तसेच वावरल्या; भाकरीसुद्धा तशीच खाल्ली. संध्याकाळी काढून म्हणाल्या, "चालतंय. नुसती मिरचीची चव लागत नाही."

साखरपुडा झाला. माझे हात तेव्हा मलमाचे होते, साधे होते, आणि मला त्याचे चोरटे समाधान होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाला शाल, श्रीफळ झाले. भाषण करा म्हटल्यावर त्या उभ्या राहिल्या, सगळ्यांकडे पाहिले, म्हणाल्या, "हायड्रो कापडासाठी आहे," आणि खाली बसल्या. त्यांच्या जागी आता एक तरुण ब्रदर येतो. भला आहे. खुर्चीवर तोच बसतो. खिडकीतला टॉवेल त्याने काढला नाही. कुणी सांगितले असावे.

वैशालीच्या हळदीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा रंगात होतो. मोजे घालूनच. गडद निळ्याचा घाणा चालू होता, व्यापारी ट्रक घेऊन उभा होता, आणि घाईत डाव्या-उजव्या दोन्ही मोज्यांवरून जेटच्या झाकणाची कडी घासली गेली. रबर फाटले. सुती मोजा निळा झाला आणि त्याखालचे हात मनगटापर्यंत. मोजे काढले तेव्हा पुढ्यातच हायड्रोचा डबा होता. झाकणही उघडेच होते.

सिस्टर आता मिलमध्ये नव्हत्या. कुणी हुंगणार नव्हते. नंदुरबारची माणसे उद्या येणार होती. कन्यादानाच्या वेळी मुलीच्या हाताखाली बापाचा हात असतो, आणि फोटो तिथलाच काढतात. हात बरे झाले होते; एकदा धुतल्याने काय होणार, असे मनात आले, आणि लगेच आठवले की मागच्या खेपेसही मी एकदाच धुणार होतो.  मग डब्याचे झाकण लावले आणि साध्या साबणाने हात धुऊन घरी गेलो. यात मोठे काही केले असे मला वाटत नाही. एक स्टूल माझ्यासमोर ठेवलेले दिसले, इतकेच.

दिंडोलीला आमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव होता. वैशालीच्या सासऱ्यांनी माझे हात पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही हात धरून म्हणाले, "बसा आता, व्याही. कामं होतील." हळद लावताना वैशालीने मात्र माझा तळवा उलटा धरला. निळ्यावर हळद बसून तो बांगड्यांच्या चुड्यासारखा हिरवा झाला होता. लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकलेल्या शब्दांत ती म्हणाली, "पप्पा, ही शेड पास आहे."

संध्याकाळ होत असताना सिस्टर आल्या. लग्नाच्या दिवशी त्यांना चोपड्याला जायचे होते, म्हणून हळदीलाच आलेल्या. पांढऱ्या डगल्याशिवाय त्यांना मी कधी पाहिले नव्हते. अंजिरी रंगाची साडी, खांद्याला पिशवी. दोन बसचा धुरळा चेहऱ्यावर. मी नमस्काराला हात जोडले. त्यांनी ते सोडवले आणि उजवा हात नाकाजवळ नेला. आमचे पाहुणे बघत राहिले. वैशालीच्या सासूबाईंनी शेजारणीला काहीतरी विचारले.

सिस्टरांनी डोळे मिटून वास घेतला. मग माझा हात परत माझ्याकडे देत म्हणाल्या, "हयद शे."

"हो, हळद आहे," मी म्हणालो.

"नुसती हयद शे," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा आवाज हललेला ऐकला. लगेच त्यांनी विचारले, भाजी काय केली आहे.

जेवणाच्या टेबलाशी भीमराव बायकोसह उभा होता. खुर्च्या भरल्या होत्या. कुणीतरी सिस्टरांसाठी खुर्ची आणली. मी वाढपाच्या गडबडीतून मागे वळून पाहिले, तेव्हा त्या खुर्चीत भीमराव बसला होता, आणि सिस्टर मांडववाल्याचे एक लोखंडी स्टूल त्याच्यासमोर ओढून, भाकरी मोडत, त्याला काहीतरी विचारीत होत्या. तो मान मागे टाकून हसत होता, मोठ्याने, छातीतला सगळा वारा सोडून. तो हसत असताना त्यांनी त्याच्या छातीकडे कान किंचित कलता ठेवला होता.